माझी किडनी काय म्हणते?

"आज माझी किडनी काय म्हणते?"

साताऱ्यातल्या त्या दुसऱ्या मजल्यावरच्या घराचं दार उघडून लीलावतीबाई उदावंतांनी मला विचारलेला हा पहिला प्रश्न. नमस्कार नाही, या-बसा नाही. मी हातातली थंड पेटी सावरत उंबऱ्याशीच थबकले.

"अजून तिची माझी भेट व्हायचीय," मी म्हणाले. "मी रक्त घ्यायला आलेय. पुण्याहून. सकाळी फोन केला होता."

"ठाऊक आहे. या आत. ती बघा, खिडकीशी बसलीय. माझी किडनी तिच्यात आहे."

'ती' म्हणजे त्यांची सून, ज्योत्स्ना. खिडकीतल्या उजेडात मान खाली घालून ती सोन्याच्या केसाएवढ्या तारेत मोती ओवत होती. उदावंतांची गावात सोन्याचांदीची पेढी होती आणि तिथल्या नथी ज्योत्स्नाच्या हातच्या असत. हातातला मोती जागेवर बसल्यावरच तिनं वर पाहिलं आणि हसली.

"अहो आई, त्यांना पाणी तरी द्या आधी."

"देते गं. आधी किडनीची चौकशी."

ज्योत्स्नाच्या दोन्ही किडन्या काही वर्षांपूर्वी निकामी झाल्या होत्या. तिच्या आईला मधुमेह, नवऱ्याचा रक्तगट जुळेना. तेव्हा सासूबाई उठून उभ्या राहिल्या. ही हकीकत मी रक्त घेईपर्यंत त्यांनी मला पूर्ण ऐकवली. नातेवाइकांनी त्यांना वेड्यात काढलं होतं. उद्या मुलालाच लागली तर, असं नणंदेनं तोंडावर विचारलं होतं. परवानगी देणाऱ्या सरकारी समितीनं समोर बसवून विचारलं, बाई, तुमच्यावर घरात कुणी दबाव तर आणला नाही ना?

"मी म्हटलं, साहेब, माझ्याकडे नीट बघा. माझ्यावर कुणी दबाव आणेल असं वाटतं का तुम्हाला?"

"समिती हसली?" मी विचारलं.

"हसली कसली. लगेच सही केली."

ज्योत्स्ना दुसरीकडे बघत हसू दाबत होती. मी नळ्यांवर चिठ्ठ्या लावल्या, लीलावतीबाईंच्या हातचा चहा घेतला, शेंगदाण्याचा लाडू खाल्ला आणि कराडच्या वाटेला लागले. तिथं मला एका कार्यशाळेत बोलायचं होतं.

मी तेव्हा पुण्यातल्या एका संशोधन संस्थेत होते. शरीरात परकं काही शिरलं की आपल्या रक्तातल्या टी पेशी त्याच्यावर तुटून पडतात. पण त्यांच्यातच एक वेगळी जमात असते. तिचं काम लढण्याचं नाही, लढणाऱ्यांना आवरण्याचं. पुस्तकात त्यांना नियामक टी पेशी म्हणतात. त्या नसत्या तर आपलं शरीर आपल्याच सांध्यांवर, आतड्यांवर, कातडीवर उठलं असतं. डॉक्टरेट केली तेव्हापासून मी याच पेशींच्या मागे होते. दुसऱ्याची किडनी बसवलेल्या माणसाला प्रतिकारशक्ती दाबून ठेवणाऱ्या गोळ्या जन्मभर घ्याव्या लागतात. एक दिवस जरी ढिलाई झाली तरी शरीर त्या किडनीला परकी म्हणून हाकलायला बघतं. या आवर घालणाऱ्या पेशींना हाताशी धरून गोळ्यांचं ओझं हलकं करता येईल का, हा माझा प्रश्न होता. उत्तराचा मात्र पत्ता नव्हता. पुण्यातले किडनीचे डॉक्टर रहाळकर मला त्यांच्या पेशंटची रक्तं घेऊ देत. कितीतरी तपासून झाली होती आणि सगळी एकासारखी एक. "विषय बदलायचा विचार करा," असं आमच्या संचालकांनी मला गोड शब्दांत सुचवून झालं होतं.

तपासणीच्या दिवशी ज्योत्स्नाची आणि माझी चुकामूक झाली होती, म्हणून त्या दिवशी मी वाट वाकडी करून साताऱ्याला थांबले होते. एरवी थांबले नसते.

पुण्याला परतल्यावर मी नेहमीप्रमाणे आधी गोळीचं रक्तातलं प्रमाण मोजलं. गोळीचा परिणाम पेशींवरही होतो, म्हणून तो आकडा मला लागायचा. यंत्रानं शून्य दाखवलं. नळ्यांची अदलाबदल झाली असेल म्हणून उरलेलं रक्त पुन्हा लावलं. पुन्हा शून्य. गोळीचा मागमूस नव्हता. किडनीचं काम मात्र चोख. आणि आवर घालणाऱ्या पेशी? इतक्या, आणि इतक्या टवटवीत, मी कुठल्याच पेशंटच्या रक्तात पाहिल्या नव्हत्या.

मी खुर्चीवरून उठले आणि प्रयोगशाळेत उगाचच एक फेरी मारून आले.

गोळ्या सोडूनही ज्यांची किडनी शाबूत राहिली अशी माणसं साऱ्या जगात मोजकीच सापडलेली आहेत. त्यांच्याबद्दल मी फक्त वाचलं होतं. त्यातली एक साताऱ्यात नथीचे मोती ओवत बसली होती.

पुढच्या तपासणीला सासू-सुना पुण्याला आल्या. लीलावतीबाई रिपोर्टच्या खिडकीशी रांगेत होत्या. मी ज्योत्स्नाला दवाखान्याच्या कँटीनमध्ये गाठलं आणि आडपडदा न ठेवता विचारलं, "गोळ्या कधीपासून बंद आहेत?"

तिनं हातातला कप खाली ठेवला.

"रक्तात कळतं ते?"

"कळतं."

"पण डॉक्टरांना तर कधी..." ती मध्येच थांबली. मग हळूच म्हणाली, "तपासणीच्या आधी थोडे दिवस घेते मी. तेवढ्यापुरत्या. तुम्ही त्या दिवशी अचानक आलात."

"अगं बाई, का पण?"

तिनं उजवा हात पुढे करून टेबलावर अधांतरी धरला. बोटं स्थिर होती, चित्रातल्यासारखी.

"ऑपरेशननंतर हा हात असा नव्हता राहत. गोळ्यांनी थरथरायचा. डॉक्टरांनी डोस कमी केला, तरी थरथर जाईना. मोती उचलला की सुटून जायचा. घरात सगळे म्हणाले, राहू दे, जीव वाचला ना, पेढीवर दुसरी बाई ठेवू. त्यांचं काय चुकलं? पण डॉक्टर, हे काम मला माझ्या वडिलांनी शिकवलं. दिवसभर मी कुणाची सून असते, बायको असते, आई असते. तारेत मोती घालताना मी कुणाचीच कुणी नसते. मग एकदा तापात गोळ्या राहून गेल्या आणि हात थांबला. त्यानंतर मी एकेक कमी करत गेले. तपासणीपुरत्या थोडे दिवस घेतल्या तर हात बिघडत नाही."

"आणि किडनी गेली असती तर?"

"रोज सकाळी तीच भीती घेऊन उठते." तिनं माझा हात धरला. "डॉक्टरांना सांगू नका. आणि अहो आईंना तर मुळीच नाही."

खरं सांगायचं तर त्या क्षणी मला मोह पडावा अशीच परिस्थिती होती. रहाळकरांना कळलं की गोळ्या सुरू होणार. गोळ्या सुरू झाल्या की मी इतकी वर्षं शोधत होते ते त्या रक्तातून पुसलं जाणार. गप्प बसले असते तर मला हवं ते सगळं मिळालं असतं. पण समोर एक बाई बसली होती आणि तिचा हात माझ्या हातात होता.

"मी नाही सांगणार," मी म्हणाले. "तुम्ही सांगायचं. आजच. मी तुमच्यासोबत आत येते."

"अहो आई असतील तिथे."

"असू देत. किडनी त्यांचीही आहे."

रहाळकर शांत माणूस. पेशंटवर आवाज चढवलेला मी कधी ऐकला नव्हता. ज्योत्स्नानं खाली मान घालून सगळं सांगितलं तेव्हा मात्र त्यांनी पेन टेबलावर आपटलं.

"तुम्हाला कल्पना आहे का तुम्ही काय केलंय? हे नशीब आहे, निव्वळ नशीब! आजपासून गोळ्या सुरू."

"डॉक्टर, माझे हात—"

"हात की जीव?"

लीलावतीबाई सुनेकडे बघत होत्या, ओळख पटत नसल्यासारख्या.

"मी रोज सकाळी तुला गोळीबरोबर पाण्याचा पेला आणून देते," त्या म्हणाल्या.

"पाणी पिते मी, अहो आई."

"आणि गोळी?"

आता या बाई दवाखाना डोक्यावर घेणार, असं मला वाटलं. पण त्यांचा आवाज उलट खाली गेला.

"ही गेली तर दुसरी द्यायला माझ्याकडे नाही गं. द्यायची म्हटली तरी नाही."

मग त्या एकदम माझ्याकडे वळल्या. "तुम्ही एवढ्या शिकलेल्या. रात्रंदिवस हेच बघता. तुम्ही सांगा, हिनं गोळ्या घ्याव्यात की नाही?"

"मला विचारू नका," मी म्हणाले.

"का?"

"कारण यांनी गोळ्या घेतल्या नाहीत तर माझा फायदा आहे. यांच्यासारखं रक्त मला पुन्हा मिळणार नाही. मी 'नका घेऊ' म्हटलं तर ते यांच्यासाठी म्हणाले की माझ्यासाठी, हे माझं मलाच सांगता येणार नाही. यांचे डॉक्टर हे आहेत. मला काय दिसलं ते मी डॉक्टरांना सांगेन. ठरवायचं त्यांनी."

लीलावतीबाईंनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "बरं," एवढंच म्हणाल्या.

रहाळकरांनी मात्र माझे आकडे मागून घेतले. बराच वेळ कागद वाचत बसले. शेवटी म्हणाले, "बायोप्सी करू. किडनीचा कणभर तुकडा काढून बघू. त्यात सूज किंवा हल्ल्याची खूण दिसली तर त्याच दिवशी गोळ्या सुरू, हाताचं काहीही होवो. नाही दिसली तर पुढचं पुढे."

बायोप्सी स्वच्छ निघाली. रहाळकरांनी स्वतः फोन करून कळवलं.

"इतकी निवांत किडनी मी गोळ्या घेणाऱ्यांतसुद्धा क्वचित पाहिलीय," ते म्हणाले. "पण ऐका. योगायोगाच्या भरवशावर मी पेशंटला सोडू शकत नाही. काही महिने थांबतो, दर आठवड्याला रक्त बघतो. तेवढ्यात तुम्ही मला कारण शोधून द्या. कारण नसेल तर गोळ्या."

आता प्रश्न फक्त माझ्या संशोधनाचा राहिला नव्हता.

कारण सापडेल असं मात्र काही दिसेना. भावंडांची किंवा आईची किडनी असती तर रक्त थोडंफार जुळलं असतं. पण सासू आणि सून! एकमेकींशी रक्ताचा काडीचा संबंध नाही. उलट पुष्कळ बायकांचं शरीर बाळंतपणानंतर नवऱ्याकडच्या खुणांविरुद्ध तयार होऊन बसतं, म्हणून हे ऑपरेशन ठरवताना रहाळकरांनाही धास्ती वाटली होती.

मी ज्योत्स्नाच्या पेशी काचेच्या बशीत एका अनोळखी माणसाच्या पेशींसोबत ठेवल्या. भांडण जुंपलं. म्हणजे तिची प्रतिकारशक्ती झोपलेली नव्हती. लीलावतीबाईंच्या, ऑपरेशनच्या वेळी गोठवून ठेवलेल्या पेशींसोबत ठेवल्या तर सगळं शांत. मग मी ज्योत्स्नाच्या रक्तातल्या आवर घालणाऱ्या पेशी तेवढ्या बाजूला काढल्या आणि उरलेल्या पुन्हा सासूबाईंच्या पेशींसमोर आणल्या. जुंपलं! म्हणजे शांतता राखत होत्या त्या याच. पण लीलावतीबाई आपल्या आहेत, हे त्यांना कुणी सांगितलं? शरीरात किडनी आहे म्हणून म्हणावं, तर किडनी बाकीच्या पेशंटनाही बसवलेली होती. तिथं असं काहीच घडत नव्हतं.

लीलावतीबाईंचं ताजं रक्त हवं म्हणून मी पुन्हा साताऱ्याला गेले. घरात शिरताच लक्षात आलं, इथं काहीतरी बिघडलंय. चहा आला, लाडूही आला, पण सासू-सुना एकमेकींशी बोलत नव्हत्या. मध्ये नात होती, केतकी. चौथी-पाचवीतली, दोन वेण्या, भुवया कायम चढवलेल्या.

"केतकी, तुझ्या आईला सांग, दूध उतू जाईल."

"आई, दूध उतू जाईल म्हणते आजी."

"आजीला सांग, गॅस बंद केलाय."

"मी शाळेत जाऊ का आता?" केतकी वैतागून म्हणाली. "तुम्ही दोघी चिठ्ठ्या लिहा."

मी दंडाला पट्टी बांधत असताना लीलावतीबाई हळू आवाजात म्हणाल्या, "मला राग गोळ्यांचा नाही आला, बाई. हात थरथरतात म्हणून ही रडत असेल कधी, आणि मला कळलं नाही. एका घरात राहून कळलं नाही. मी आपली सगळ्या गावाला सांगत फिरतेय, माझी किडनी, माझी किडनी."

"हे त्यांना सांगा ना."

"सांगीन. ती आधी बोलू दे."

तेवढ्यात केतकीनं दप्तर पाठीवर टाकलं आणि दारातून मान वळवून म्हणाली, "आजी, मी जाते. आल्यावर तुम्ही बोलत असायला पाहिजे." आणि दार आपटून गेली.

"बघितलंत?" लीलावतीबाईंचा चेहरा खुलला. "आईचं काही म्हणजे काही घेतलं नाही पोरीनं. नाक माझं, जीभ माझी. सगळी माझ्यावर गेलीय."

मी हसले, सुई काढली, कापूस दाबला. निरोप घेऊन निघाले. खंबाटकीचा बोगदा ओलांडल्यावर ते वाक्य माझ्या डोक्यात पुन्हा वाजलं आणि मी गाडी एका चहाच्या टपरीशी बाजूला घेतली.

सगळी माझ्यावर गेलीय.

पोटातलं मूल आईच्या दृष्टीनं अर्धं परकं असतं, कारण त्याचा अर्धा भाग बापाचा. तरी आईचं शरीर त्याला हाकलत नाही, नऊ महिने सांभाळतं. हे काम ज्या पेशी करतात त्यांत माझ्या या आवर घालणाऱ्या पेशीही असतात. मुलात बापाकडून जे आलं आहे ते ओळखून त्या लढणाऱ्यांना थोपवतात. आणि बापानं ते कुठून आणलं? या खुणा गठ्ठ्यानं उतरतात, म्हणून एकतर त्याच्या वडिलांकडून, नाहीतर त्याच्या आईकडून. केतकीच्या वाट्याला तिच्या बापाच्या आईकडचा भाग आला असेल, तर ज्योत्स्नाच्या शरीरानं लीलावतीबाईंना ऑपरेशनच्या टेबलावर पहिल्यांदा पाहिलंच नव्हतं. कितीतरी वर्षं आधी, केतकी पोटात असताना, त्यांची ओळख होऊन गेली होती. उंदरांमध्ये अशा पेशी बाळंतपणानंतरही टिकून राहतात, हे मी वाचलेलं होतं. माणसात, आणि तेही सासूच्या किडनीसाठी? हा विचार माझ्या तरी मनात कधी आला नव्हता.

टपरीवाल्यानं चहा पुढे केला. मी तो तसाच हातात धरून उभी होते.

अर्थात हे नाणेफेकीसारखं होतं. केतकीकडे आजोबांचा भाग आला असेल तर माझा सगळा इमला कोसळणार होता. मी ज्योत्स्नाला आणि तिच्या नवऱ्याला फोन करून काय हवंय ते समजावलं. दोघं हो म्हणाली. केतकीनं स्वतः फोन घेऊन विचारलं, "दुखेल?"

"थोडंसं."

"मग या दोघी बोलायला लागतील?"

"ते मी नाही सांगू शकत."

"चालेल, घ्या," ती म्हणाली.

तपासणीचा निकाल संगणकाच्या पडद्यावर उघडताना मी सहकाऱ्यांना खोलीबाहेर काढलं होतं. उगाचच. केतकीत आजीचाच भाग होता. बशीतला प्रयोगही तेच म्हणाला. ज्योत्स्नाच्या आवर घालणाऱ्या पेशींना लीलावतीबाईंचा नेमका तोच अर्धा भाग ओळखीचा होता, जो केतकीत उतरला होता. उरलेला अर्धा त्यांना अनोळखीच होता. पण एक ओळखीचं माणूस बरोबर असलं की सोबतच्या परक्यालाही लग्नघरात जेवायला बसवतात, तशा या पेशी आसपासच्या कुरबुरीही शमवत होत्या.

मी रहाळकरांना घेऊनच साताऱ्याला गेले. रविवार होता, पेढी बंद, सगळे घरी. मी शक्य तितक्या साध्या शब्दांत सांगितलं. ज्योत्स्नाचा नवरा ऐकत राहिला. केतकी आपलं नाव आलं की ताठ बसायची. ज्योत्स्ना खिडकीशी उभी होती.

माझं बोलणं संपल्यावर पहिल्या बोलल्या लीलावतीबाई. "म्हणजे ही पोर पोटात होती तेव्हा..."

"तेव्हा यांच्या शरीरानं तुमची ओळख करून घेतली. तुम्हाला सांभाळूनही घेतलं. तुम्ही किडनी द्यायच्या कितीतरी आधी."

"मला?"

"तुमच्यातलं जे केतकीत आलंय त्याला."

त्या पदराच्या टोकाला पीळ घालत बसल्या. इतक्या दिवसांत त्यांना शब्दांचा शोध घेताना मी पहिल्यांदाच पाहत होते. मग त्यांनी मान वर केली आणि थेट सुनेला विचारलं, केतकीला मध्ये न घेता.

"हात थरथरतो, हे मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर गोळ्या बंद करू दिल्या असत्या का तुम्ही?"

"नसत्या दिल्या."

"मग?"

"मग काय? भांडलो असतो. पण सांगायचं होतंस."

ज्योत्स्नाचा चेहरा आधी रडण्याकडे गेला, मग हसण्याकडे, आणि दोन्ही एकदमच झालं. ती येऊन सासूबाईंच्या पायांशी खाली बसली. लीलावतीबाईंनी तिचा उजवा हात स्वतःच्या मांडीवर ओढून घेतला आणि उलटसुलट करून पाहिला, भाजी घेताना पाहतात तसा.

"थरथरत नाही आता?"

"नाही."

"डॉक्टर," त्या रहाळकरांना म्हणाल्या, "आता तुमचं काय म्हणणं?"

रहाळकरांनी चष्मा पुसला. "माझं म्हणणं, तपासणी चुकवायची नाही. एकही. रक्तात जरा बदल दिसला तरी गोळ्या सुरू, आणि त्या वेळी माझ्याशी खोटं बोलायचं नाही. एवढं पाळलंत तर आज मी गोळ्या लिहून देत नाही."

"खोटं नाही बोलणार," ज्योत्स्ना म्हणाली.

"ते मी बघते," लीलावतीबाई म्हणाल्या.

केतकी मोठ्यानं "हुश्श" म्हणाली आणि खेळायला खाली पळाली.

त्याला आता बरीच वर्षं झाली. ज्योत्स्नाची किडनी अजून उत्तम चाललीय आणि तिनं तपासणी एकदाही चुकवलेली नाही. मला विषय बदलावा लागला नाही. उलट त्यानंतरची माझी सगळी वर्षं याच शोधात गेली. सासूची किंवा मुलाची किडनी मिळालेल्या बायका मी गावोगाव शोधल्या. काहींच्या रक्तात अशा पेशी सापडल्या, पुष्कळांच्या नाहीत. गोळ्या सोडता येतील अशी दुसरी कुणी मला आजवर भेटलेली नाही, आणि माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकीला मी आधी तेच बजावते. एका बाईवरून नियम होत नाही. पण कुठे बघायचं ते आता आम्हाला माहीत आहे. संशोधन करणाऱ्या माणसाला आयुष्यात एवढं मिळालं तर ते पुष्कळ झालं, असं मला वाटतं.

आमचा लेख छापायला जायच्या आधीची एक दुपार मला विसरता येत नाही. लेखात कुणाचं नाव येणार नव्हतं, पण त्या तिघींना दाखवल्याशिवाय तो पाठवायचा नाही असं मी ठरवलं होतं. साताऱ्याला त्यांच्या जेवणाच्या टेबलावर मी कागद पसरले आणि इंग्रजीतलं मराठीत करून सांगत होते.

"यात मी कुठे आहे?" लीलावतीबाईंनी विचारलं.

मी ओळ दाखवली.

"काय लिहिलंय?"

मला जरा अवघडल्यासारखं झालं. "वैद्यकात पद्धत असते तसं. दाता, स्त्री, असंबंधित."

"अ काय?"

"असंबंधित. म्हणजे रुग्णाशी नातं नसलेली."

त्यांनी सुनेकडे पाहिलं. सुनेनं त्यांच्याकडे पाहिलं. आणि मग दोघी मिळून माझ्याकडे.

"पुसा ते," लीलावतीबाई म्हणाल्या.

"पद्धत आहे हो. नियतकालिकवाले तोच शब्द मागतात."

"मागू देत. एवढा मोठा शोध लावलात आणि शेवटी हेच लिहिलंत?"

त्यांचं म्हणणं बरोबर होतं. त्या लेखात दुसरा एकही शब्द इतका चुकीचा नव्हता. मी पेन काढलं, तो शब्द खोडला आणि वर दुसरं लिहिलं. संपादकांनी पुढे त्याबद्दल खुलासा मागवला, मी तो दिला, आणि लेख तसाच छापून आला.

"आता वाचा," लीलावतीबाई म्हणाल्या.

"दाता: रुग्णाच्या मुलीची आजी."

त्यांनी ते मनातल्या मनात एकदा म्हणून पाहिलं. ओठ हलताना दिसले मला.

"हां," त्या म्हणाल्या आणि उठल्या. "आता जेवूनच जा. ज्योत्स्ना, पानं घे गं."